नावेला पाणी पाजताना

गंगाखेडात, आमच्या भोई गल्लीत
नाव घडायची घरापुढच्या बोळीतच.
घाटावर सावली नव्हती,
आणि उन्हात जोडलेली फळी रात्री रुसते,
असं सटवाजी आजाचं म्हणणं.

बोळ पाच हात, नाव साडेपाच.
दर खेपेला शेवटच्या दिवशी
कावेराबाईच्या न्हाणीची भिंत पाडायची,
नाव गेली की परत बांधून द्यायची.
तिसऱ्या नावेला ती म्हणाली,
"ऱ्हाऊ द्या आता तशीच.
पुढच्या नावेपर्यंत लुगडं बांधून भागवते मी."

हात म्हणजे आजाचा हात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
ते टोक वासल्यानं कधीच नेलेलं.
म्हणून आमची प्रत्येक नाव
हातामागं नखभर आखूड.
गिऱ्हाइकाला कळायचं नाही. नदीला कळायचं,
पण नदी कुठं बोलती.

किनवटचा साग, बांधावरच्या बाभळीच्या बरगड्या,
हैदर लोहाराचे चौकोनी खिळे.
सांध्यांत अंबाडी कोंबायचं काम माझं,
बोटं बारीक म्हणून.
वर राळ आणि करडीचं तेल.
तो वास शाळेत पाटीला यायचा,
भाकरीला यायचा.
पुढच्या टोकाला आजा नाळ म्हणायचा.
मी विचारलं, दाई कापती ती?
"ही कापायची नसती," म्हणाला,
आणि दिवसभर मनाशी हसत राहिला.

बहात्तर साली नदी वाळूखाली गेली.
नाव बोळीत, दगडांवर.
फळ्या इतक्या आकसल्या
की आत बसलं तर अंगावर उन्हाचे पट्टे.
धाकटा एका फटीतून म्हैस बघायचा,
दुसरीतून शेपूट.

कोरड्या नावेला पाणी पाजावं लागतं.
आत दोन हंडे ओतले
की लाकूड फुगतं, सांधे मिटतात.
आतून जी भिजली नाही
ती बाहेरचं पाणी अडवत नाही.

माय पहाटे झिऱ्यावर जायची.
वाटीवाटीनं हंडा भरायचा,
मधेच वाळू ढासळायची.
आजानं एकदाच मागितलं, "एक हंडा."
माय म्हणाली, "आधी लेकरं."
आजानं मान हलवली. बरोबरच होतं.

मग तो नावेत बसून जेवू लागला.
हात तिथंच धुवायचा, चूळ तिथंच भरायची.
तांब्यातलं अर्धं प्यायचा,
उरलेल्यात चिंधी बुडवून
सांध्यावरून फिरवायचा,
ताप चढलेल्याच्या कपाळावर फिरवतात तसा.
रोज हातभर. दुपारपर्यंत तेही वाळायचं.

एका पहाटे मी लघवीला उठलो.
नाळेपासून पार सुकाणूपर्यंत सांधे ओले.
आजा घोरत होता, चिंधी त्याच्या उशाशी कोरडीठाक.
माय चुलीपुढं.
तिचा पदर गुडघ्यापर्यंत भिजलेला,
आणि हंडा त्या दिवशी
गळ्यापासून चार बोटं खाली.
कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या साली नाव तरंगली.
एक सांधा गळत होता. माझाच असणार.

मग पूल आला.
खांबांच्या कामावर मजूर न्यायला
ठेकेदारानं आमचीच नाव लावली,
रोज सहा रुपयांनी.
आजा स्वतः वल्हवायचा.
पूल पुरा झाला त्या संध्याकाळी
त्यानं सहा रुपये मोजून घेतले,
चालत पलीकडं गेला,
चालत परत आला,
म्हणाला, "लई लवकर आलो की."

चुलतभाऊ रत्नागिरी बघून आला.
तिथल्या होड्या, डोलकाठ्या, माडाएवढ्या.
आजानं सगळं ऐकून घेतलं.
"पल्याड काय हाये?"
"काही नाही. पाणीच."
"मग उतरतात कुठं?"

मी वाळूजला पाण्याच्या टाक्या करतो, प्लास्टिकच्या.
गळती बघायला प्रत्येक टाकी भरायची, रात्रभर ठेवायची.
आमच्या घरानं पाणी बाहेर ठेवलं,
मी आत ठेवतो.
सकाळी पाणी सोडून देताना
अजून हात थांबतो.

दिवाळीला गल्लीत गेलो होतो.
कावेराबाई कधीच गेली.
तिच्या नातसुनेनं न्हाणीला पत्रा लावलाय,
खिळे ठोकलेले नाहीत, नुसता तारेनं बांधलेला.
म्हटलं, भिंत घालून घ्या की.
ती म्हणाली, आत्याबाईंनी सांगून ठेवलंय,
सटवाजीच्या घरच्यांना विचारल्याबिगर घालायची नाही.

"मग, घालू का?"

मी बोळ पावलांनी मोजली.
म्हटलं, सांगतो.